मंदीत पर्यावरणपूरक माल चालतो का? आधी खर्च कोण उचलतंय ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही घरगुती साफसफाईची द्रावणं बनवता. वनस्पतिजन्य घटक, पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकची बाटली, आणि काही दुकानांत रिकामी बाटली पुन्हा भरून देण्याची सोय. सहा वर्षं विक्री वाढत गेली आणि गेल्या तीन तिमाहींत ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने घसरली. जुने ग्राहक सांगतात, ‘माल चांगलाच आहे, पण सध्या हात आखडता आहे.’ भागीदाराचं म्हणणं असं की स्वस्त घटक आणि साधी बाटली वापरून किंमत खाली आणू, दिवस पालटले की पुन्हा पूर्ववत करू. तुम्हाला ते पटत नाही, पण पुढच्या चार महिन्यांचे पगार कुठून निघणार तेही दिसत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: मंदीत लोकांना पर्यावरणाची फिकीर उरते का, की ती चांगल्या दिवसांतली हौस असते?

मी चोवीस वर्षं या कामात आहे. पहिली नऊ कारखान्याच्या उत्पादन विभागात गेली. त्यानंतर लहान-मध्यम उत्पादकांबरोबर कच्चा माल, वेष्टन आणि खर्च यांवर काम करते. २००८ नंतरच्या मंदीत आणि २०२० च्या धक्क्यात, दोन्ही वेळा मालकांसमोर बसून हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला आहे. काही जण तरले, काही नाही तरले.

‘लोकांना फिकीर आहे का’ या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचा निर्णय अवलंबून नाही, हे मला आधी सांगायचंय. फिकीर बहुतेकांना असते. विचारलं तर ते हो म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. पण फिकीर असणं आणि दुकानात उभं राहून जास्त पैसे मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगाराची शाश्वती गेली की त्यांच्यातलं अंतर वाढतं. तुमचा खरा प्रश्न असा आहे: तुमच्या मालातली प्रत्येक पर्यावरणपूरक गोष्ट आज कोणाच्या खिशातून चालते? काही गोष्टींसाठी ग्राहक जादा किंमत मोजतो. काहींचा भार तुम्ही स्वतःच्या नफ्यातून सोसता. आणि काही गोष्टी अशा असतात की त्या केल्याने खर्चच कमी होतो, म्हणजे कोणालाच पदरमोड करावी लागत नाही. मंदीत पहिल्या प्रकाराला सर्वांत आधी गळती लागते, दुसरा तुमची रोकड संपेपर्यंत टिकतो, आणि तिसरा मंदीत जास्तच उपयोगी पडतो. तुम्ही आणि तुमचे भागीदार या तिघांना ‘पर्यावरण’ असं एकच नाव देऊन भांडताय, म्हणून तोडगा निघत नाहीये.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करते, कारण तुमचे हिशेब मी पाहिलेले नाहीत. तुमची विक्री घसरली ती ग्राहक सोडून गेल्यामुळे की तेच ग्राहक कमी वापरतायत म्हणून, हे मला माहीत नाही. दोन्हींचे उपाय उलट आहेत. तुमचा आणि शेजारच्या साध्या बाटलीचा दर किती टक्क्यांनी वेगळा आहे हेही तुम्ही लिहिलेलं नाही. फरक दहा-पंधरा टक्क्यांचा असेल तर पुढचं सगळं लागू पडेल. दुपटीचा असेल तर आधी दरच सोडवावा लागेल. आणि हातात किती महिन्यांची रोकड आहे यावर कोणती गोष्ट आधी करायची ते ठरतं.

मंदीत लोक हिरव्या मालाकडे सरसकट पाठ फिरवतात असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी २००९ सालाची आठवण देते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सेंद्रिय मालाची विक्री १२.९ टक्क्यांनी घसरली. ही बातमी खूप गाजली आणि ‘हौस संपली’ असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. पण त्याच वर्षी अमेरिकेत सेंद्रिय मालाची विक्री ५.३ टक्क्यांनी वाढली, आणि फेअरट्रेड प्रमाणित (म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त मोबदला दिल्याची खूण असलेल्या) मालाची जगभरातली विक्री सुमारे १५ टक्क्यांनी वाढून ३.४ अब्ज युरोंवर गेली. मंदी तीच, वर्ष तेच. मग फरक कुठे पडला? ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी सेंद्रिय मालाची फळी आखडून घेतली होती, म्हणजे काही ग्राहकांना तो माल समोर दिसलाच नाही. उलट फेअरट्रेडच्या बाबतीत त्याच २००९ मध्ये कॅडबरीने ब्रिटन आणि आयर्लंडमधलं डेअरी मिल्क चॉकलेट फेअरट्रेड प्रमाणित केलं आणि त्यासाठी ग्राहकाकडून जादा किंमत घेतली नाही. रोजचंच चॉकलेट, रोजच्याच जागी, रोजच्याच दरात. ग्राहकाला त्यासाठी वेगळं काही निवडावं लागलं नाही. माझ्या वाचनात आणि कामात हेच पुन्हा पुन्हा आलं आहे: चांगली गोष्ट ग्राहकाला वेगळी वाट काढून, जास्त पैसे देऊन घ्यावी लागली की मंदीत ती मागे पडते. नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या दरात मिळाली की टिकते.

दुसरं उदाहरण मंदीचं नाही, पण तुमच्या लेबलशी त्याचा थेट संबंध आहे. फिलिप्सने १९९४ मध्ये कमी वीज खाणारा दिवा ‘अर्थलाइट’ या नावाने अमेरिकेत आणला. नावातच पृथ्वी होती. तो फारसा चालला नाही. किंमत १५ डॉलर आणि आकार नेहमीच्या लँपशेडमध्ये न बसणारा. २००० मध्ये कंपनीने आकार सुधारून तो ‘मॅरेथॉन’ या नावाने पुन्हा आणला आणि जाहिरातीत पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे हा दिवा वर्षानुवर्षं बदलावा लागत नाही. विजेचं बिल कमी येतं हे त्याच्या पाठोपाठ. बाजार थंड असताना त्याची विक्री १२ टक्क्यांनी वाढली. वाचणारी वीज तेवढीच होती. आधी पृथ्वीला काय मिळेल ते सांगत होते, नंतर शिडी लावून दिवा बदलणाऱ्या माणसाला काय मिळेल ते सांगितलं. तुमच्या बाटलीवर पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते तुम्ही फोटोत दाखवलंत: पान, थेंब, आणि ‘निसर्गासाठी’. एका बाटलीत किती धुणी होतात हा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे. मंदीत ही अदलाबदल ताबडतोब करा. याला एक छपाईचा ठसा बदलण्यापलीकडे खर्च नाही.

लोक मंदीत खर्च कसा कमी करतात हे जवळून बघायला हवं, कारण तो ‘बंद’ आणि ‘चालू’ असा नसतो. साफसफाईच्या मालात मी हा क्रम पाहिला आहे. आधी माणूस कमी ओततो. मग बाटलीत तळाला उरलेल्यात पाणी घालून आणखी दोन दिवस काढतो. मग तीन वेगवेगळ्या बाटल्यांऐवजी एकीवरच भागवतो: काचेचं वेगळं, फरशीचं वेगळं, ओट्याचं वेगळं, हे आधी जातं. मग लहान बाटली घेतो, जरी ती दर लिटरमागे महाग पडत असली तरी, कारण त्या दिवशी हातात तेवढेच पैसे असतात. आणि सर्वांत शेवटी तो दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या स्वस्त बाटलीकडे जातो. या शेवटच्या पायरीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वेगवेगळ्या देशांतल्या अनेक दशकांच्या विक्रीवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की मंदीत दुकानाच्या नावाच्या मालाचा वाटा वाढतो आणि मंदी सरल्यावर तो पूर्ण खाली येत नाही. माणूस ती बाटली नाइलाजाने घेतो, ‘अरे, ही पण बरी आहे’ असं त्याला वाटतं, आणि तो परत येत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम म्हणजे ग्राहक या शेवटच्या पायरीच्या आधी थोपवणं. आधीच्या सगळ्या पायऱ्या तुमच्या तत्त्वांशी जुळणाऱ्याच आहेत, हे लक्षात घ्या. माणूस कमी ओततोय? मग ‘एवढंच पुरतं’ हे तुम्हीच त्याला सांगा, झाकणावर खूण करून द्या. तो एकाच बाटलीवर भागवू पाहतोय? मग तुमच्या सात-आठ द्रावणांपैकी कोणतं एक तीन कामं करू शकतं ते बघा आणि तेच पुढे आणा. आपला माल कमी खपेल या भीतीने बहुतेक उत्पादक हे करत नाहीत. पण तो कमी खपणारच आहे. प्रश्न एवढाच आहे की कमी वापरणारा माणूस तुमचा राहतो की दुसऱ्याचा होतो. ब्रिटनमध्ये एरिअलने २००६ च्या सुमारास कपडे ३० अंशांवर धुवा अशी मोहीम चालवली होती. धुलाई यंत्रात सर्वांत जास्त ऊर्जा पाणी तापवण्यात जाते, त्यामुळे बिलही कमी येतं. साबण विकणाऱ्या कंपनीने साबणाऐवजी विजेची बचत सांगितली, आणि ती बचत पर्यावरणाचीही होती. कपड्यांच्या द्रावणाबद्दल तुम्ही असंच सांगू शकता, फक्त गार पाण्यात मळ खरंच निघतो का याची चाचणी आधी स्वतः करा. क्षारयुक्त पाण्यातही करा. पाणी जड असलं की साबणाचा बराच अंश क्षारांशी झुंजण्यातच जातो, ग्राहक दुप्पट ओततो आणि ‘माल हलका आहे’ म्हणतो.

आता कारखान्याच्या आत येऊ. इथे सगळ्यात जास्त पैसे सांडलेले असतात, आणि बाहेरून कोणाला ते दिसत नाहीत.

काही वर्षांपूर्वी मी तुमच्यासारख्याच एका लहान कारखान्यात गेले होते. मालकांनी मला बोलावलं होतं ते स्वस्त सुगंध कोणता घ्यावा हे विचारायला. मी म्हटलं, आधी एक दिवस भरणीच्या लाइनजवळ उभी राहते. दिवसाला २,००० लिटर उत्पादन होतं आणि तीन उत्पादनांत मिळून नऊ सुगंध होते. दर वेळी सुगंध बदलला की टाकी, नळ्या आणि पंप धुवायचे. मी मोरीपाशी एक बादली आणि तराजू ठेवला आणि टाकी रिकामी केल्यावर तळाशी, नळीत, पंपात जे उरतं ते आधी बादलीत काढायला लावलं. प्रत्येक वेळी सुमारे १२ लिटर तयार माल निघाला. दिवसात पाच वेळा बदल, म्हणजे ६० लिटर. उत्पादनाच्या ३ टक्के माल, विकायला तयार, रोज पाण्याबरोबर मोरीत जात होता, आणि तो धुवायला लागणारं पाणी वेगळंच. त्या धंद्याचा निव्वळ नफा त्या वर्षी ४ टक्क्यांच्या आसपास होता. मालक बादलीत वाकून बघत होते. टाकी धुणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे तर पहिल्यापासून असंच जातं.’

आम्ही काय केलं? नऊ सुगंधांचे चार केले. बाकीचे पाच मिळून विक्रीचा अगदी लहान हिस्सा होते, पण बदल मात्र त्यांच्याचमुळे होत होते. जे उरले ते फिक्याकडून गडदाकडे, सौम्य वासाकडून उग्र वासाकडे अशा क्रमाने लावले, म्हणजे मधली धुलाई हलकी झाली. टाकीला तळाकडे उतार देऊन निथळायला दहा मिनिटं जास्त दिली. पहिल्या धुलाईचं पाणी त्याच दिवशी त्याच मालाच्या पुढच्या बॅचमध्ये घेतलं. त्याच दिवशी, कारण ते पाणी ठेवलं तर त्यात जंतू वाढतात आणि अख्खी बॅच नासते. बदल दिवसाला दोनवर आले, प्रत्येक बदलातली गळती १२ लिटरवरून ५ वर. म्हणजे रोजचे ६० लिटर जात होते तिथे १० जायला लागले. स्वस्त सुगंध घ्यायची गरजच उरली नाही. सांडपाणी कमी झालं, पाणी कमी लागलं, आणि लेबलावर एक अक्षरही बदललं नाही.

ही तिसऱ्या प्रकारची गोष्ट: ग्राहकाला काही कळत नाही, त्याला काही मोजावं लागत नाही, आणि मंदीत ती तुम्हाला तारते. मोठ्यांनी हे फार आधी ओळखलं. थ्रीएम कंपनीने १९७५ पासूनच, प्रदूषण शेवटी साफ करण्यापेक्षा मुळात होऊ न देणं स्वस्त पडतं या हिशेबावर कार्यक्रम उभा केला. गालिचे बनवणाऱ्या इंटरफेसचे रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये कंपनीची दिशा बदलली आणि २००९ पर्यंत कचरा टाळून वाचलेली रक्कम ते ४० कोटी डॉलर सांगत होते. कार्यालयांची बांधकामं थंडावली की गालिच्यांची मागणी आधी पडते, आणि हा धंदा त्या फटक्यातून गेला आहे. माझं मत असं की कचऱ्यातून वाचलेल्या पैशांशिवाय त्यांना आपला कार्यक्रम एवढी वर्षं रेटता आला नसता.

तुमच्या बाटलीबद्दल. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा दर आणि नव्या प्लास्टिकचा दर यांचं नातं तेलाशी असतं. नवं प्लास्टिक तेल-वायूपासून बनतं, त्यामुळे तेल पडलं की ते स्वस्त होतं. जुनं प्लास्टिक गोळा करणं, निवडणं, धुणं, दाणे पाडणं या मजुरीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मंदीत तेल बहुधा पडतं. २००८ च्या जुलैमध्ये पिंपामागे १४७ डॉलरला पोचलेलं तेल त्याच डिसेंबरात ४० च्या खाली आलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात जुन्या कागद-प्लास्टिकचे भाव असे कोसळले की गोळा करणाऱ्यांकडे माल पडून राहिला. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकी तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-कराराचा, भाव शून्याखाली गेला. तुमच्या भागीदारांना साधी बाटली आज स्वस्त दिसते त्याचं कारण हे आहे. त्यांचं गणित चुकीचं नाही, पण ते ज्या भावावर बेतलंय तो भाव बदलता आहे. तुम्ही पुनर्वापराचा पुरवठादार आज सोडलात आणि तुमच्यासारखे आणखी दहा जण सुटले, तर तो बंद पडेल. दिवस पालटल्यावर तुम्हाला पूर्ववत करायला तो जागेवर नसेल. ‘नंतर पुन्हा सुरू करू’ या वाक्यावर माझा विश्वास नाही तो याच कारणाने.

पण म्हणून तोच खर्च डोळे मिटून सोसा असंही मी म्हणणार नाही. बाटलीचं वजन बघा. लहान उत्पादकांच्या बाटल्या बहुधा गरजेपेक्षा जाड असतात, कारण साचा तयार मिळालेला असतो आणि कोणी प्रश्न विचारलेला नसतो. भरलेली बाटली उंचीवरून टाकून, एकावर एक रचून बघत बघत जाडी कमी करता येते. पुनर्वापराचं प्लास्टिक दर किलोला महाग असलं तरी बाटलीमागे किलोच कमी लागले तर फरक बराचसा भरून निघतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाणी. तुमच्या द्रावणात बहुतांश भाग पाण्याचा आहे. तुम्ही पाणी बाटलीत भरताय, खोक्यात घालताय, ट्रकने पाठवताय आणि जिथे नळाला पाणी आहे तिथे पोचवताय. ते चौपट सांद्र, म्हणजे कमी पाण्याचं आणि तेवढंच तीव्र, केलं तर एक लिटरचं काम पाव लिटरच्या बाटलीत होतं. प्लास्टिक, खोकी, वाहतूक, गोदामातली जागा, सगळं एकदम खाली येतं. वॉलमार्टने २००७ मध्ये जाहीर करून मे २००८ पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत कपडे धुण्याचं फक्त सांद्र द्रावण ठेवायचं ठरवलं, ते याच हिशेबावर. यातली अडचणही आधीच सांगते. लहान बाटली बघून माणसाला ती महाग वाटते, आणि घरी नेल्यावर तो सवयीने तेवढंच ओततो. चौपट सांद्र माल चारपट ओतला की त्याच्या मते तो चारपट महाग पडतो आणि फेसही आवरत नाही. म्हणून मापाचं झाकण लागतं, आणि बाटलीच्या पुढच्या बाजूला एका धुण्याचा खर्च मोठ्या अक्षरांत लागतो. हा बदल एकदम सगळ्या मालात करू नका. फरशीच्या द्रावणापासून सुरुवात करा, कारण ते लोक नाहीतरी बादलीत पाणी घालूनच वापरतात.

बाटली परत भरून देण्याच्या सोयीबद्दल मी थोडी सावध आहे. तत्त्व म्हणून ती मला फार प्रिय आहे, पण तिचा खर्च आज तुमच्या नफ्यातून जातोय, म्हणजे दुसरा प्रकार. ज्या दुकानांत आठवड्याला किमान एक पिंप संपतं तिथे ती ठेवा. जिथे पिंप महिनाभर उघडं राहतं तिथून ते काढून आणा, कारण तिथे खर्च तर आहेच, शिवाय वनस्पतिजन्य द्रावण उघड्या पिंपात खराब होण्याचा धोका आहे, आणि एका नासलेल्या पिंपामुळे गेलेलं नाव पाच वर्षं परत येत नाही. बाटलीची अनामत घेत असाल तर ती रक्कम वेगळी ठेवा. मंदीत लोक रिकाम्या बाटल्या एकदम परत आणतात, आणि ते पैसे पगारात गेलेले असले तर अडचण होते.

इथपर्यंतचं एकत्र करते. लेबलावरची भाषा बदला, कमी वापरायला शिकवा, सुगंध कमी करा, टाकीतली गळती मोजा, बाटली हलकी करा, एक उत्पादन सांद्र करा, आणि पुन्हा भरण्याची सोय जिथे चालते तिथेच ठेवा. यातल्या एकाही गोष्टीसाठी ग्राहकाला जादा पैसे मोजावे लागत नाहीत.

जे करू नका असं मी ठामपणे सांगेन ते म्हणजे गुपचूप घटक बदलणं. भागीदारांना वाटतं की कोणाला कळणार नाही. तुमचे सर्वांत निष्ठावान ग्राहक कोण आहेत ते आठवा: ज्यांच्या हातांना साध्या द्रावणाने भेगा पडतात, ज्यांच्या घरात लहान मूल फरशीवर रांगतं. त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल. हेच लोक मंदीतही जास्त पैसे मोजत राहतात, कारण त्यांच्यासाठी हा माल हौशीचा नाही. माझ्या अनुभवात एकूण विक्री घसरते तेव्हा ही मंडळी सर्वांत कमी हलतात. त्यांना फसवणं म्हणजे जी भिंत उभी आहे तीच पाडणं. शिवाय दाव्यांचे नियम दिवसेंदिवस कडक होत आहेत. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी संहिता काढली, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये पुराव्याशिवाय केलेल्या मोघम ‘पर्यावरणस्नेही’ दाव्यांवर बंदी घालणारा कायदा केला. घटक बदलून जुनं लेबल ठेवलंत तर ती सरळ फसवणूक आहे. खर्च भागवण्यासाठी स्वस्त उत्पादन काढायचंच असेल तर ते वेगळ्या नावाने, वेगळ्या लेबलने, जे आहे ते सांगून काढा. त्याला मी कमीपणा मानत नाही.

रोकडीबद्दल दोन शब्द, कारण मंदीत धंदे तोट्याने कमी आणि रोकड संपल्याने जास्त बुडताना मी पाहिले आहेत. दुकानदार आता पैसे उशिरा देत असतील. ज्यांची उधारी साठ दिवसांच्या पुढे गेली त्यांना नवा माल कमी आणि रोखीने द्या, थोडी सूट द्यावी लागली तरी. सुगंध कमी केल्यावर जो कच्चा माल पडून राहील तो संपवून टाका. या दोनांतूनच एक-दीड महिन्याचे पगार निघाल्याचं मी पाहिलं आहे.

भागीदारांशी बोलताना त्यांना विरोधक समजू नका. ते पगाराची काळजी करतायत, आणि ती रास्त आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये तीन मंद्यांमधल्या ४,७०० कंपन्या तपासल्या होत्या. त्यातल्या १७ टक्के टिकल्याच नाहीत, आणि फक्त ९ टक्के मंदीतून आधीपेक्षा सरस होऊन बाहेर आल्या. अशी सरस ठरण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती ना नुसती कात्री चालवणाऱ्या, ना नुसता खर्च करणाऱ्या कंपन्यांची. त्यांनी कामातला अपव्यय काढून खर्च कमी केला आणि त्याच वेळी त्या मालावर, बाजारावर पैसे लावत राहिल्या. तुमचे भागीदार कात्री म्हणतायत, तुम्ही माल म्हणताय. दोघांचं म्हणणं एकाच कागदावर बसतं, फक्त कात्री कुठे लावायची ते मोजून ठरवावं लागेल.

त्यांनी ‘मंदीत प्रदूषण आपोआप कमी होतंच, आपण का मरायचं’ असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यावर एक आकडा त्यांना द्या. २००९ मध्ये जगातलं कर्ब उत्सर्जन १.४ टक्क्यांनी घटलं, आणि २०१० मध्ये ५.९ टक्क्यांनी वाढलं. यंत्रं, रस्ते, बाटल्या, सवयी, सगळं होतं तसंच होतं, म्हणून काम सुरू होताच धूरही परतला. तुमच्या कारखान्यात टाकीला दिलेला उतार आणि हलकी झालेली बाटली मात्र मंदी सरल्यावरही तशीच राहील.

उद्यापासून एक आठवडा टाकी धुण्याची वही ठेवा: वेळ, कोणता सुगंध, बादलीत किती लिटर. वजन करायला साधा तराजू पुरेल, आणि नोंद टाकी धुणाऱ्यालाच करू द्या. त्याबरोबर गेल्या वर्षातले पन्नास नियमित ग्राहक निवडून त्यातले किती सोडून गेले आणि किती कमी घेतायत ते फोन करून विचारा. हे दोन आकडे आणि शेजारच्या बाटलीशी असलेला दराचा फरक मला कळवा. मग सांद्र द्रावण किती पट करायचं आणि किंमत कुठे ठेवायची, हा हिशेब आपण मिळून करू.